सात नंबरचं रक्त

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवीन वही. जुनी डिसेंबरातच संपली. मी चिडले की जास्त लिहिते, आणि डिसेंबरात मी रोज चिडलेली होते.

आज चिडण्याचं कारण सात नंबर. पण आधी सराव. आमचे बॉस सुबोध सर म्हणतात, हॉस्पिटलच्या लोकांसमोर बोलायचंय, तर आपली चिप शेजारच्या काकूंना समजेल अशी सांगता आली पाहिजे. तर काकू, ऐका. अंधेरीच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे, खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. तिथे आम्ही बोटभर लांबीची पारदर्शक चिप बनवतो. तिच्या पोटात केसासारख्या बारीक नळ्या असतात. बोटातल्या रक्ताचा एक थेंब टाकला की तो त्या नळ्यांतून आपोआप सरकतो आणि बारा मिनिटांत आकडा येतो. किडन्या मंदावल्या की रक्तात एक प्रथिन वाढतं, त्याचा तो आकडा. एकच्या आत असेल तर घरी जा, चहा प्या. वर गेला तर डॉक्टरकडे पळा. बाबांचे पाय सुजले तेव्हा अशी चिप नव्हती. आम्ही त्यांना एक नंबर मोठ्या चपला आणल्या. सहा महिन्यांनी कळलं, आणि मग ते जाईपर्यंत दोन वर्षं घाटकोपरला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. झालं काकू, संपलं भाषण.

आता सात नंबर. चिप निरोगी माणसाला निरोगी म्हणते की नाही हेही दाखवावं लागतं. आमचे निरोगी म्हणजे आम्हीच, गाळ्यातले अकरा जण. दर सोमवारी शकुताई सगळ्यांची बोटं टोचून छोट्या नळ्या भरतात. महापालिकेच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होत्या, टोचलेलं कळतसुद्धा नाही. नळीवर फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा हे त्यांच्या रजिस्टरात, आणि रजिस्टर कुलपात. ही शिस्त मी लावली. मला माझाही नंबर माहीत नाही. नाव कळलं की माणूस आकड्याशी लबाडी करतो.

दहा जण पाऊणच्या आसपास. सात नंबर २.३.

मार्चच्या तीन तारखेपर्यंत सलग चार सोमवार सगळे निरोगी एकच्या आत आले पाहिजेत, नाहीतर हॉस्पिटल रुग्णांवरची मोठी चाचणी दुसऱ्या कंपनीला देणार. आणि ह्या सात नंबरने पहिल्याच सोमवारी वाट लावली.

८ जानेवारी

दोष सापडला. चिपचे दोन थर एकमेकांना चिकटवण्याचं काम शेर्विनचं. चिकटवणं कच्चं राहिलं की नळीतून झिरपतं, धुण्याचं पाणी नीट फिरत नाही, चाचणीचा जादा रंग मागे राहतो आणि आकडा उगाच चढतो. सरळ आहे.

त्याला विचारलं तर म्हणे, "श्रुतिका, माझी चिप गळत नाय. प्रत्येक चिप मी रंगाचं पाणी सोडून बघतो."

"मग परत बघ."

"तीनदा बघितली यार."

तीन वर्षांपूर्वी ह्या माणसाच्या हाताला तोड नव्हती. चिमट्याने थरावर थर ठेवायचा तेव्हा आम्ही बाकीचे श्वास रोखून बघायचो. आता अकरा वाजता उगवतो, डोळे सुजलेले, दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपतो. खांदा दुखतो म्हणून गोळ्या गिळत असतो. वाकोल्याच्या गावठाणात राहतो. तिथे जानेवारीत लग्नांचा मोसम, आणि लग्न म्हणजे आठवडाभर बाटली. मला कोणी सांगायला नको.

१४ जानेवारी

आईने तिळाचे लाडू दिले होते. सगळ्यांना हातात दिले, शेर्विनचा टेबलावर ठेवला. गोड बोलायची माझी तयारी नव्हती.

अर्धा खाऊन त्याने कागदात गुंडाळला. म्हणाला, "सॉरी यार, तोंडाला चवच नाय. सगळं लोखंडासारखं लागतं."

माझ्या आईचा लाडू, लोखंडासारखा! रात्रीची उतरली नसेल तर अमृतही लोखंडासारखंच लागणार. उरलेला अर्धा मी त्याच्यासमोर खाल्ला.

२० जानेवारी, सोमवार

सात नंबर २.४. मागच्या सोमवारी २.३ होता. एकच नमुना तीन वेगवेगळ्या चिपांवर घातला, तिन्ही वेळा तेच. म्हणजे ह्याच्या सगळ्याच चिपा सारख्याच वाईट.

मग बाकीचे दहा नमुने त्याच चिपांवर बरोबर कसे, असं सुबोध सरांनी विचारलं. मी म्हटलं, काही रक्त जाड असतं, कच्च्या चिपेत तेच आधी अडकतं. बोलताना मलाच ते पुरेसं पटलं नाही, पण सरांना पटलं.

शकुताई म्हणाल्या, "कुणाचा तरी सारखा जास्त येतोय म्हणतेस, तर रजिस्टर उघडू या का? नियम तूच लिहिलायस ना, दोनदा वर गेला की माणसाला सांगायचं आणि बाहेर तपासून घ्यायचं."

लिहिलाय. पण तो हॉस्पिटलातल्या लोकांसाठी. इथे कोण आजारी आहे? सगळे दोन जिने चढून येतात. मी म्हटलं, "चिप गळतेय हो शकुताई, माणूस नाही."

"नंबर तरी सांग."

"नंबर सांगितला की तुम्हाला नाव कळणार, आणि चार वाजेपर्यंत खालच्या पुठ्ठेवाल्यालाही कळणार."

त्या रागावून आत गेल्या. मी वहीत सात नंबरपुढे लाल शाईने लिहिलं: नमुना बाद, चिप सदोष. लिहून बरं वाटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेर्विनच्या बहिणीचं, बेव्हर्लीचं, उद्या लग्न. आज संध्याकाळी उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, सगळ्या गाळ्याला आमंत्रण. मी जाणार नव्हते. शकुताईंनी ओढून नेलं.

पुढे बँड, मागे लुगडी नेसलेल्या बायका कळश्या घेऊन विहिरीवर. गल्ली एवढी अरुंद की तुतारीवाला वळला की मागच्यांना वाकावं लागत होतं. सत्तरीच्या बायका नाचत होत्या. आणि नवरीचा सख्खा भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून! बुटांच्या नाड्या सोडलेल्या, जिभा बाहेर काढलेल्या, पाय पुढे पसरलेले. सख्ख्या बहिणीच्या पाण्याला दोन पावलं नाचता येऊ नयेत, इतकी चढली?

त्याची आई, सेराफिना आंटी, ग्लास घेऊन आली तर त्याने हातानेच नको म्हटलं. मला बघून हसला. "मी पाणीच पितोय, आईशप्पथ."

"दिसतंय," मी म्हटलं.

तळलेले फुगे मात्र झकास होते. गरम, पोकळ, नारळाच्या रसातले. आठ खाल्ले. त्याच्या घरचे आठ फुगे खाऊन मी त्याच्याविषयी हे लिहितेय, तर लिहितेय. चिपा खराब येतात त्याचं काय?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज फुटले.

सात नंबर २.६. संध्याकाळी पाहिला, आकडा चढतोच आहे. आणि सकाळी हे महाराज साडेअकराला आले. शकुताई खोळंबल्या होत्या, एवढं एकच बोट टोचायचं राहिलं होतं. दारातच मी सुरू झाले. म्हटलं, लग्न काल संपलं, तुझी उतरणार कधी? आरशात तोंड बघ, डोळे बघ. तुझ्या कच्च्या कामापायी दहा जणांची दोन वर्षं पाण्यात जाणार आहेत.

सगळ्यांचे हात थांबले. खालचं पुठ्ठे कापायचं मशीन तेवढं चालू होतं.

"तू मला दारुडा बोलतेस?"

"मी बोलत नाही, चिप बोलते."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "माझ्या हातची चिप आहे ती. ती खोटं नाय बोलत. तू काय वाचतेस ते तू बघ."

उर्मट! संध्याकाळी सरांना अहवाल पाठवला, दीड पान. उशिरा येणं, झोपणं, सदोष चिकटवणं, सात नंबरचे पाच सोमवारचे आकडे. आकडे खाली ठळक केले.

५ फेब्रुवारी

सरांनी शेर्विनला काढलं. माझ्या अहवालावर.

जाताना त्याने चिमटे स्पिरिटने पुसून ओळीने लावून ठेवले आणि डगला घडी करून खुर्चीवर ठेवला. माझ्याकडे न बघता गेला. जिन्यात मध्येच थांबलेला ऐकू आला. एका जिन्याला एवढा दम लागतो का बत्तिसाव्या वर्षी?

मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. मग वाईट वाटायला लावलं म्हणून त्याचाच राग आला.

घरी ताट आपटलं तर आई म्हणाली, "इतको राग कोणार काढतस गो? बापाशीवर काढूक मिळूक नाय तो?" मी जेवले नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाच दिवस मी स्वतः चिपा चिकटवल्या. आज अकराच्या अकरा नमुने एकच्या आत. आणि सात नंबर? ०.८!

बघा म्हणावं. माणूस तोच, रक्त तेच, बदललं फक्त चिकटवणं. ह्याहून स्वच्छ पुरावा कुठला असतो? मला वाकोल्याला फोन करून हे सांगावंसं वाटलं. केलाही. त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय.

शेर्विनच्या जागी श्यामसुंदर म्हणून गृहस्थ आलेत. पन्नाशीचे, मुलुंडला मोबाइलच्या काचा बसवायचं दुकान होतं. हात स्थिर आहे. गुरुवारी रुजू झाले आणि आज त्यांचंही बोट टोचून झालं. शकुताई कोणाला सोडत नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा सोमवार. सगळे आत. सात नंबर ०.८ वर खिळलाय, शहाण्या मुलासारखा. आणखी एक सोमवार.

आज दुपारी शेर्विनचे चिमटे वापरले. चांगले आहेत.

३ मार्च, सोमवार

सगळं सांगते, क्रमाने, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

चौथा सोमवारही आत आला. सर पेढे घेऊन आले. सगळे टेबलाभोवती होते आणि मी भाषण ठोकत होते. आता काम फत्ते झालं होतं, नंबर लपवायचं कारण उरलं नव्हतं. म्हटलं, "शकुताई, तो सारखा वर जाणारा नमुना सात नंबरचा होता. शेर्विनच्या चिपेवर अडीच, माझ्या चिपेवर पाऊण. माणूस तोच, रक्त तेच."

शकुताईंनी हातातला पेढा पुन्हा खोक्यात ठेवला.

"माणूस तोच नाही गं," त्या म्हणाल्या. "आता सात नंबर श्यामसुंदर आहेत."

"आता म्हणजे?"

"ओळ रिकामी झाली, म्हणून त्यांना दिली. वॉर्डात आमचं तसंच असतं. खाट रिकामी झाली की नवा पेशंट त्याच नंबरावर."

कोणाची ओळ रिकामी झाली, हे विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं. त्यांनी कुलूप काढून रजिस्टर माझ्यासमोर धरलं. सात: शेर्विन, वाकोला. त्यावर एक सरळ रेघ, खाली श्यामसुंदर.

डीप फ्रीझरमध्ये तीन फेब्रुवारीच्या नळीतलं थोडं शिल्लक होतं. माझ्या हातच्या चिपेवर घातलं. बारा मिनिटं. २.६. शेर्विनच्या हातची एक जुनी चिप ड्रॉवरमध्ये होती, तिच्यावर घातलं. २.६. शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कोणाची सांगता आलं नसतं.

सुजलेले डोळे. तोंडाला लोखंडाची चव. जिन्यात लागलेला दम. सोडलेल्या नाड्या. देवा, त्या सोडलेल्या नाड्या! बाबांना आम्ही मोठ्या चपला आणल्या होत्या, आणि हे मीच ह्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, काकूंना समजावून सांगत.

मी त्याच्या रक्ताने त्याचीच नोकरी घालवली. स्वतःची कातडी सोलून काढावीशी वाटतेय. शकुताईंनी सांगितलं होतं. मी नियम लिहिला होता. चिप तर जानेवारीभर ओरडत होती.

५ मार्च, बुधवार

काल दिवसभर त्याला शकुताईंच्या फोनवरून लावला. बंद. आज सकाळी वाकोल्याला गेले.

सेराफिना आंटी नुकत्याच चर्चहून आलेल्या, कपाळावर उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा राखेचा क्रूस. दारातच उभ्या राहिल्या. "आता काय पायजे? नोकरी घेतली, नाव घेतला. लोकांना वाटते आमचा पोरगा पितो. थेंब नाय लावला त्यानं वरीस झाला."

मी म्हटलं, आंटी, मला शिव्या द्या, पण आधी त्याला भेटू द्या.

सकाळचे साडेदहा, तो झोपला होता. उठून बसायलाच वेळ लागला. चेहरा भाकरीसारखा फुगलेला. मी येताना वाक्यं ठरवून आले होते, एकही आठवलं नाही. सरळ सांगितलं. सात नंबर तू होतास. आकडा खरा होता. तुझ्या किडन्या बिघडल्यात, बहुतेक बऱ्याच दिवसांपासून. त्या खांद्याच्या गोळ्या आत्ता बंद कर. ऊठ, हॉस्पिटलला चल.

त्याने भिंतीला पाठ टेकवली. मग म्हणाला, "थांब. माझ्या चिपेवर किती आला?"

"दोन पॉइंट सहा."

"आणि तुझ्या?"

"तेवढाच."

तो हसायला लागला. खरंच हसायला लागला. "म्हणजे गळत नव्हती! मम्मा! ऐकलंस? माझी चिप गळत नव्हती!"

"गाढवा!" मी किंचाळले. "मी काय सांगतेय तुला? किडन्या गेल्या तुझ्या, आणि तू चिपेचं काय घेऊन बसलायस?"

"एक महिना इथे पडून तेच आठवत होतो," तो म्हणाला. "कुठली चिप. कुठे चुकलो. एकेक थर."

मग मी रडले. आंटींनी मला पाणी दिलं नाही, त्याला दिलं. तेच बरोबर होतं.

७ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आले. किडन्या एकतृतीयांश चालतात. रक्तदाब एकशे नव्वद, तो कधीचा वाढलेला होता कोणाला माहीत, आणि वर किडन्यांना मारक अशा रोजच्या दुखण्याच्या गोळ्या. डायलिसिस आज लागणार नाही. औषधं आणि पथ्य पाळलं तर काही वर्षं ढकलता येईल, काही म्हणजे किती ते सांगता येणार नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, जानेवारीत आलो असतो तर?

"जानेवारीत कळलं होतं का?" त्यांनी विचारलं.

आंटी माझ्याकडे बघत होत्या. मी "हो" म्हटलं.

"मग जानेवारीतच आणायचं होतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

१० मार्च, सोमवार

सरांशी भांडण. मी हॉस्पिटलला सगळं लेखी कळवलं, न विचारता: नमुना मी बाद केला, सदोष चिप नव्हती, नियम मोडला तो मी. सर म्हणाले, चाचणी हातची जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. शेर्विनला परत घेतलं नाही तर मीही येत नाही, हे ऐकून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, बसून करायचं काम दे त्याला.

फोनवर त्याला सांगितलं. त्याने आता ब्लॉक काढलाय. म्हणाला, "बघतो. तुझ्यावरचा राग गेला नाय माझा अजून."

"जाऊ पण नको देऊस," मी म्हटलं.

"आणि शकुताईंना सांग, सोमवारी माझं बोट टोचू नका. नॉर्मलमध्ये मी बसत नाय आता."

फोन ठेवून मी शकुताईंकडे गेले. त्याचा निरोप सांगितला. त्यांनी रजिस्टर उलटं फिरवून मागच्या कोऱ्या पानावर वर 'रुग्ण' लिहिलं, पट्टी लावून खाली रेघा ओढल्या आणि पेन थांबवलं.

"ह्याला नंबर कुठला देऊ?"

"नंबर नको," मी म्हटलं. "नाव लिहा."